क्रीडामार्गदर्शकाचा चरितार्थ : नंदाखाल परिसराच्या संदर्भात एक आर्थिक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादी विद्या अंगी असणे आणि त्या विद्येवर आयुष्यभर संसार चालविता येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. खेळाडू घडविणारी माणसे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होऊन गेली. परंतु खेळाडू घडविणे हाच ज्यांचा एकमेव व्यवसाय होता आणि त्यावरच ज्यांचे घर नीट चालले, अशा माणसांची गणना करू लागल्यास ती फार थोडी भरते. असे का होते, आणि ज्याला आज हाच व्यवसाय पत्करावयाचा आहे त्याच्या मार्गात नेमक्या कोणत्या अडचणी उभ्या राहतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

'कोच' या शब्दाचा इतिहास येथे थोडा उपयोगी पडेल. हंगेरीतील कोच नावाच्या गावी तयार होणाऱ्या घोडागाडीवरून हा शब्द युरोपभर पसरला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेच्या पैलतीराला नेऊन पोहोचविणाऱ्या खाजगी शिक्षकास तो गमतीने लावला आणि पुढे तो क्रीडाक्षेत्रात आला. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी भाडे देऊन केलेल्या प्रवासाची कल्पना आहे. आपल्या 'वस्ताद' आणि 'गुरुजी' या शब्दांच्या मुळाशी ती नाही. वस्तादाला मान द्यावयाचा असतो, खुराकाची सोय पाहावयाची असते. त्याच्याशी महिन्याच्या शुल्काचा हिशेब करण्याची रीत नव्हती. आजचा मार्गदर्शक या दोन कल्पनांच्या मध्ये उभा आहे. समाज त्याच्याकडून गुरूची निष्ठा अपेक्षितो, आणि मोबदला मात्र गाडीवाल्याचा देऊ करतो. तोही पुष्कळदा घासाघीस करून.

विवेचनासाठी नंदाखाल व त्याभोवतालचा उत्तर वसईचा प्रदेश घेतला आहे. विरार स्थानकाच्या पश्चिमेस, आगाशी-अर्नाळ्याच्या बाजूस वसलेले हे गाव. केळी, पानवेल, फुले व भाजीपाला यांच्या वाड्या, जागोजाग बावखले, आणि सामवेदी बोली बोलणारा ख्रिस्ती समाज ही त्याची जुनी ओळख. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि २०१४ साली पालघर जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लक्षांवर गेली होती. खेळाची आवड असलेली जुनी गावे, वेगाने वाढणारी नवी वस्ती, आणि ६० किलोमीटरवर चर्चगेट: मार्गदर्शकाच्या व्यवसायास अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही गोष्टी येथे एकत्र आलेल्या आहेत.

२. आश्रयाची परंपरा

महाराष्ट्रातील खेळाच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला तर असे आढळते की, मार्गदर्शकाचा खर्च बहुधा शिष्याने उचललेला नाही. तो कोणा तिसऱ्याने उचललेला आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांकडे मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय दिले जाते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आपल्या १८९४ ते १९२२ या कारकीर्दीत कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले तेव्हा या आश्रयाचा आधारही सरला. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्याची प्रथा सुरू केली, ती एका अर्थी त्याच आश्रयाची नवी आवृत्ती होती.

दुसरा आश्रय संस्थेचा. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिले, आणि दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून काम करीत आहे. अशा संस्थांनी मानद कार्यकर्त्यांच्या बळावर हजारो मुलांना शिकविले. मानद कार्यकर्ता दिवसा कोठेतरी नोकरी करतो आणि संध्याकाळी आखाड्यात उभा राहतो. त्याचे शिकविणे समाजाला स्वस्त पडते, कारण त्याचा पगार दुसऱ्याच कचेरीतून येत असतो.

तिसरा आश्रय म्हणजे नोकरीचा, आणि मुंबईच्या क्रिकेटचा पाया यावरच उभारलेला दिसतो. शिवाजी पार्कवर पिढ्या घडविणारे रमाकांत आचरेकर स्टेट बँकेच्या सेवेत होते. त्यांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली. २०१९ साली त्यांचे निधन झाले. रोहित शर्मा व शार्दूल ठाकूर यांचे मार्गदर्शक दिनेश लाड हे पश्चिम रेल्वेच्या सेवेत होते; त्यांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार लाभला. रोहितला बोरिवलीच्या शाळेत शुल्कमाफी मिळवून देणे, पालघरहून येणाऱ्या शार्दूलला आपल्या घरी ठेवून घेणे, हे औदार्य तर होतेच; परंतु महिन्याच्या एक तारखेस ठराविक वेतन हाती येत असल्यावाचून असे औदार्य सातत्याने करता येत नाही.

चौथा आश्रय शासनाचा. १९३८ साली कांदिवली येथे मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली. १९५३ साली राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने क्रीडाप्रशिक्षणाची योजना सुरू झाली. १९६१ साली पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली आणि 'पदविकाधारक मार्गदर्शक' हा वर्ग प्रथमच निर्माण झाला. १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या तीन मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत हे होते.

या चारही परंपरांत एक समान सूत्र आहे. शिष्याकडून मिळणारे शुल्क हा मार्गदर्शकाच्या उत्पन्नाचा मुख्य भाग कधीच नव्हता. म्हणून शुल्क किती असावे, ते कसे वसूल करावे, वर्षाचा जमाखर्च कसा बसवावा, याची व्यावहारिक परंपराच आपल्याकडे निर्माण झाली नाही. आज नोकरी नसलेला तरुण मार्गदर्शक मैदानात उतरतो तेव्हा तो आचरेकरांचे तंत्र व शिस्त उचलू शकतो. परंतु त्यांची आर्थिक व्यवस्था त्याच्यापाशी नसते. हा फरक पुष्कळांच्या ध्यानात उशिरा येतो.

३. वेळेचे बंधन

कोणत्याही व्यवसायाची मिळकत वाढविण्याचे ढोबळ मार्ग दोन: अधिक वेळ विकणे, किंवा तेवढ्याच वेळात अधिक माल काढणे. मार्गदर्शकाच्या बाबतीत दोन्ही मार्ग अरुंद आहेत.

त्याचे शिष्य शाळकरी आहेत. सकाळी सहा ते साडेसात व सायंकाळी पाच ते साडेसहा, अशा दोन तुकड्या त्याला घेता येतात. ताणून धरल्यास तिसरी. दिवसाचे मधले आठ-नऊ तास मैदान मोकळे असते, मार्गदर्शकही मोकळा असतो, परंतु मुले वर्गात असतात. दुकानदार दिवसभर दुकान उघडे ठेवू शकतो. मार्गदर्शकाच्या विक्रीयोग्य वेळेवर शाळेच्या घंटेचे नियंत्रण असते.

दुसरा मार्ग उत्पादकतेचा. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगभूमी व संगीत यांच्या अर्थव्यवहारावर लिहिताना एक महत्त्वाचा विचार मांडला. चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजविण्यास पूर्वी जितकी माणसे व जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. कारखान्यातील कामगाराची उत्पादनक्षमता मात्र त्याच काळात अनेक पटींनी वाढलेली असते. वेतने सर्वत्र वाढत जातात, आणि जेथे उत्पादकता वाढत नाही तेथे सेवा सापेक्षतः महाग होत जाते. मार्गदर्शनाला हा विचार तंतोतंत लागू पडतो. मुलाच्या खांद्याची ठेवण, धावतानाचे पाऊल, चेंडूकडे पाहण्याची नजर या गोष्टी दुरुस्त करण्यास पन्नास वर्षांपूर्वी जितका वेळ लागे तितकाच आज लागतो. तुकडीत २५ ऐवजी ६० मुले घेतल्यास शुल्क वाढेल, परंतु शिक्षण पातळ होईल, आणि मुले लवकर गळतील.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. मार्गदर्शकाच्या उत्पन्नाला वरची मर्यादा आहे आणि ती त्याच्या कौशल्यावर थोडी, घड्याळावर अधिक अवलंबून आहे. जो या मर्यादेचा विचार न करता केवळ मेहनत वाढवील तो थकेल. त्याची मिळकत त्या प्रमाणात वाढणार नाही.

४. वर्षाचा हिशेब

विचार स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक ताळेबंद मांडतो. यातील आकडे पाहणीतून आलेले नाहीत, ते केवळ उदाहरणादाखल गृहीत धरलेले आहेत; विद्यार्थ्यांनी आपापल्या गावचे आकडे घालून तो पुन्हा मांडून पाहावा.

समजा, मासिक शुल्क १,००० रुपये आहे आणि दोन तुकड्यांत मिळून ५० मुले आहेत. महिन्याची आकारणी ५०,००० रुपये होते. पालक व शेजारी हाच आकडा पाहतात, आणि व्यवसायात नवा आलेला मार्गदर्शकही बहुधा हाच आकडा मनाशी धरतो. परंतु उत्तर कोकणात जून ते सप्टेंबर हे चार महिने उघड्या मैदानावर खेळ होत नाही. या काळात एखादे सभागृह घेऊन १५ मुलांचा व्यायामवर्ग चालू राहिला असे धरू. आठ महिन्यांचे ४,००,००० व चार महिन्यांचे ६०,००० मिळून वार्षिक आकारणी ४,६०,००० रुपये होते. सवलती, माफी व बुडीत मिळून दहा टक्के वजा केल्यास हाती येतात ४,१४,००० रुपये.

आता खर्च. मैदानाचे भाडे दरमहा ६,००० प्रमाणे आठ महिन्यांचे ४८,०००, पावसाळी सभागृहाचे दरमहा ४,००० प्रमाणे १६,०००, साहित्य ६०,०००, मदतनिसाचे आठ महिन्यांचे मानधन ६४,०००, प्रवास, स्पर्धाप्रवेश व किरकोळ ३०,०००. एकूण २,१८,००० रुपये. शिल्लक राहते १,९६,००० रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी १६,३३३. पन्नास हजारांच्या दर्शनी आकड्यातून एक-तृतीयांशही हाती उरत नाही.

सरासरीनेही पूर्ण कल्पना येत नाही. साहित्य व किरकोळ हा खर्च हंगामाच्या आठ महिन्यांवर पडतो असे धरल्यास हंगामात दरमहा १९,७५० रुपये उरतात, आणि पावसाळ्यात ९,५००. घरखर्च जर १९,७५० च्या मापाने बसला तर चार महिन्यांत ४१,००० रुपयांची तूट येते, आणि ती बहुधा उसनवारीने भरली जाते. उलट, हंगामात दरमहा सुमारे ३,४०० रुपये बाजूस काढले तर वर्षभर एकसारखी रक्कम घरात देता येते. वाडीचा शेतकरी हे अनुभवाने जाणतो. केळीचा घड रोज उतरत नाही हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मार्गदर्शकाचे पीकही ऋतूवरच येते, फक्त त्याला ते मासिक शुल्काच्या रूपात मिळत असल्याने पगारासारखे भासते.

आणखी एक हिशेब मुलांच्या टिकण्याचा. पन्नास मुलांची संख्या कायम राखावयाची, आणि प्रत्येक मूल सरासरी दहा महिने टिकते, तर वर्षाला साठ नवी मुले मिळवावी लागतात. तेच मूल वीस महिने टिकले तर तीस पुरतात. नवी मुले मिळविण्यासाठी जाणारा वेळ, श्रम व खर्च निम्म्यावर येतो. ज्याचे शिकविणे चांगले त्याच्याकडे मुले टिकतात, हे खरे. पण केवळ शिकविणे चांगले असून भागत नाही. वेळ पाळणे, पालकांशी दर तीन महिन्यांनी मुलाच्या प्रगतीविषयी बोलणे, संघात न निवडल्या गेलेल्या मुलासही खेळावयास मिळेल अशी व्यवस्था ठेवणे, या गोष्टी टिकाव धरण्यास कारणीभूत होतात. अकरा जणांच्या संघाचा विचार करणारा मार्गदर्शक उरलेल्या एकोणचाळिसांच्या शुल्कावर जगत असतो, हे त्याने विसरून चालणार नाही.

५. शुल्कवाढ आणि न्याय

वरील ताळेबंद पाहून कोणीही म्हणेल की शुल्क वाढवावे. गणित या मताच्या बाजूने आहे. शुल्क २० टक्के वाढविले आणि त्यामुळे १० टक्के मुले गळली असे धरू. वार्षिक आकारणी ८ टक्क्यांनी वाढून ४,९६,८०० होते. दहा टक्के वजा जाता ४,४७,१२०. खर्च तोच राहिल्यास शिल्लक २,२९,१२० रुपये. म्हणजे आकारणी ८ टक्के वाढली, पण निव्वळ मिळकत सुमारे १७ टक्के वाढली. खर्चाचा बराच भाग स्थिर असला की असे घडते.

परंतु गळालेली पाच मुले कोणती, हा प्रश्न गणिताच्या बाहेरचा आहे. ती बहुधा ज्यांच्या घरी दोनशे रुपये जड जातात त्यांची असणार: वाडीवर मजुरी करणाऱ्यांची, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची, आणि जेथे भावाचे शुल्क आधी भरले जाते अशा घरांतील मुलींची. गुणवत्ता शुल्क भरण्याच्या ऐपतीप्रमाणे वाटलेली नसते. मार्गदर्शकाचा चरितार्थ आणि गावातील गुणी मुलाची संधी यांत येथे उघड विरोध उभा राहतो, आणि या व्यवसायातील खरा नैतिक प्रश्न हाच आहे.

पुष्कळ मार्गदर्शक हा विरोध मनातल्या मनात सोडवितात. ते शुल्क वाढवीत नाहीत, मागतही नाहीत, आणि तूट स्वतःच्या संसारावर घेतात. ही वृत्ती आदरणीय आहे, पण ती टिकाऊ नाही. काही वर्षांनी असा मार्गदर्शक मैदान सोडून नोकरी धरतो आणि गाव त्याला सर्वस्वी मुकते. अधिक सुज्ञ मार्ग असा की, शुल्क खर्चाला धरून ठेवावे आणि माफीसाठी ठराविक जागा आधीच राखून ठेवाव्यात. पन्नासांत पाच जागा विनामूल्य ठेवल्यास त्यांचा भार किती हे वर्षाच्या आरंभीच कळते, आणि तो भार उचलण्यास एखादा माजी खेळाडू, मंडळ किंवा पतसंस्था पुढे येऊ शकते. दया हिशेबात मांडली म्हणजे ती कमी होत नाही, ती अधिक काळ टिकते.

६. कीर्ती आणि मिळकत

या व्यवसायाकडे तरुण आकृष्ट होतात ते बहुधा एखाद्या विख्यात शिष्याच्या विख्यात गुरूकडे पाहून. अॅडम स्मिथने १७७६ सालीच दाखवून दिले होते की, ज्या पेशांत यशस्वी होणारे थोडे आणि अयशस्वी पुष्कळ असतात ते पेशे सोडतीसारखे असतात, आणि तरुण वयात माणूस आपल्या नशिबाचा अंदाज नेहमी वाढवून करतो. शर्विन रोझेन यांनी १९८१ साली हाच विचार पुढे नेऊन दाखविले की, गुणांतील अल्प फरकामुळे काही क्षेत्रांत मिळकतीत प्रचंड अंतर पडते. मार्गदर्शकाच्या बाबतीत या सोडतीला आणखी एक अट जोडलेली आहे. बक्षीस लागते ते शिष्याला. गुरूच्या वाट्याला येतो तो मान. २०२० साली द्रोणाचार्य पुरस्काराची रक्कम वाढवून नियमित वर्गासाठी १० लक्ष व जीवनगौरव वर्गासाठी १५ लक्ष रुपये करण्यात आली. पण असा पुरस्कार देशभरात वर्षाला मोजक्यांनाच मिळतो, आणि तोही बहुधा उतारवयात. त्यावर संसाराची आखणी करता येत नाही.

दुसरे असे की, शिष्य चमकू लागला की तो गाव सोडतो. विरारचा पृथ्वी शॉ लहानपणी सरावासाठी सुमारे ४५ किलोमीटरवरील वांद्र्यास जात असे. २०१३ साली हॅरिस ढालीच्या सामन्यात त्याने ५४६ धावा केल्या त्या वांद्र्याच्या शाळेकडून; २०१८ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार होता. पालघरच्या शार्दूलने बोरिवली गाठली. मैदाने, स्पर्धा आणि निवड करणारी नजर मुंबईत एकवटलेली असल्याने हे घडते. याचा परिणाम दुहेरी होतो. गावातील मार्गदर्शकाला आपल्या श्रमाचे नाव मिळत नाही, आणि ज्यांच्या घरी मुलाला रोज घेऊन जाण्यास माणूस व पैसा नाही त्या मुलाला वाटच उरत नाही. म्हणून नंदाखालसारख्या गावात चांगला मार्गदर्शक टिकणे हा त्या मार्गदर्शकापुरता प्रश्न राहत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाचे रोजचे दोन-तीन तास लोकलच्या गर्दीत जावेत की मैदानावर, हे त्यावरून ठरते.

७. आधाराचे उपलब्ध मार्ग

शुल्काला पूरक आधार कोठून मिळेल? चार मार्ग संभवतात.

पहिला शाळेचा. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथे आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालिक निदेशक असावा, आणि शाळेला क्रीडांगण असावे, असे नमूद आहे. मार्गदर्शकाच्या दिवसाचे जे तास वाया जातात तेच शाळेच्या कामाचे तास असतात. म्हणून हे दोन व्यवसाय एकमेकांत चपखल बसतात. वरील ताळेबंदात शाळेचे दरमहा १२,००० रुपयांचे दहा महिन्यांचे काम मिळविल्यास वर्षाला १,२०,००० ची भर पडून निव्वळ मिळकत ३,१६,००० होते; महिन्याला २६,३३३. शिवाय शाळा जूनमध्ये उघडते, त्यामुळे पावसाळ्यातील खळगाही याच पैशाने भरून निघतो. मिळकतीच्या वाढीपेक्षा हा स्थैर्याचा लाभ मोठा आहे.

दुसरा शासनाचा. २०१८ साली सुरू झालेल्या 'खेलो इंडिया' योजनेत माजी विजेत्या खेळाडूंच्या मार्गदर्शनाखाली चालणाऱ्या केंद्रांना ५ लक्ष रुपयांचे एकवेळचे व ५ लक्ष रुपयांचे वार्षिक अनुदान देण्याची तरतूद करण्यात आली. वार्षिक अनुदानाला बाराने भागल्यास महिन्याला सुमारे ४१,६६७ रुपये येतात, आणि त्यांतूनच मानधन, मदतनीस, साहित्य व स्पर्धांचा खर्च भागवावयाचा असतो. हा आधार उपयुक्त खरा. परंतु अनुदान वेळेवर येईलच हे धरून घरभाडे ठरविणे धोक्याचे असते.

तिसरा मार्ग संस्था काढण्याचा. येथे विष्णु दिगंबर पलुस्करांचे उदाहरण बोधप्रद आहे. राजाश्रयावर न विसंबता लोकांच्या आधारावर संगीतशिक्षण चालवावे या हेतूने त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली मुंबईस शाखा आणली. विद्यार्थी आले, कीर्ती झाली. परंतु मुंबईतील इमारतीसाठी झालेले कर्ज फिटले नाही, आणि अखेर ती इमारत लिलावात गेली. त्यांची परंपरा शिष्यांनी पुढे जिवंत ठेवली. क्रीडामार्गदर्शकाने यावरून असे समजावे की, चालू उत्पन्नाच्या भरवशावर स्थावर मालमत्तेचे कर्ज घेणे हा शिकविण्याहून वेगळा व अधिक जोखमीचा व्यवसाय आहे. कायद्याची बाजूही पाहावी लागते. २०२२ च्या जुलैपासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, कला व संस्कृतीचे प्रशिक्षण व्यक्तीने दिल्यास ते वस्तू व सेवा कराच्या सवलतीत येते. खेळाचे प्रशिक्षण मात्र नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने दिल्यासच. व्यक्तिशः शिकविणाऱ्याला २० लक्ष रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत या कराची चिंता नसते. लहान मुलांशी संबंध येत असल्याने २०१२ च्या पॉक्सो कायद्याची जाणीव, आणि मदतनीस नेमताना त्याच्या पूर्वचरित्राची चौकशी, या गोष्टी खर्चाच्या आड येऊ देऊ नयेत.

चौथा मार्ग समाजाचा, आणि वसई परिसरात तो सर्वांत आशादायक वाटतो. या भूमीत सहकाराची परंपरा जुनी आहे. बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ साली स्थापन झाली. मार्गदर्शकाच्या खर्चात सर्वांत अनिश्चित बाब जागेची. वाडी जाऊन इमारत येते तेव्हा मैदानाचे भाडे वाढते, किंवा मैदानच नाहीसे होते. वर मांडलेल्या ताळेबंदात मैदान व सभागृहाचे भाडे मिळून ६४,००० रुपये, म्हणजे निव्वळ मिळकतीच्या सुमारे एक-तृतीयांश आहे. गावाने, धर्मग्रामाने किंवा क्रीडामंडळाने जागा नाममात्र भाड्याने व लेखी मुदतीच्या कराराने दिली, आणि त्याच्या बदल्यात मार्गदर्शकाने ठराविक मुलांना विनामूल्य शिकविले, तर कोणाच्याही खिशातून रोख रक्कम न जाता पाचव्या प्रकरणातील नैतिक पेच बराचसा सुटतो. मुदत निदान पाच वर्षांची हवी. दरवर्षी नव्याने विनवणी करावी लागणारा मार्गदर्शक खेळपट्टीवर खर्च करीत नाही.

याच्या जोडीला म्हातारपणाची तरतूद. नोकरदार मार्गदर्शकाला निवृत्तिवेतन मिळे. स्वतंत्र मार्गदर्शकाला ते कोणी देणार नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झाली आहे. रक्कम लहान असली तरी ती तिशीत सुरू करणे आवश्यक, कारण हा पेशा शरीराचा आहे, आणि शरीर साठीपर्यंत साथ देईलच असे नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी सांगता येतील. महाराष्ट्रातील थोर मार्गदर्शकांची परंपरा बहुतांशी दुसऱ्या कोणाच्या तरी पैशावर चालली. त्यांचे तंत्र अनुकरणीय असले तरी त्यांचा आर्थिक पाया आजच्या स्वतंत्र मार्गदर्शकाला आपोआप लाभत नाही. केवळ शुल्कावर चालणारा व्यवसाय वेळेच्या व ऋतूच्या मर्यादेमुळे सामान्यतः अपुरा पडतो. शुल्क, शाळेचे काम व समाजाने दिलेली जागा हे तीन आधार एकत्र आल्यास एका कुटुंबाचा साधा पण स्थिर चरितार्थ चालणे शक्य आहे. यांपैकी कोणताही एक तुटला तरी उरलेले दोन काही काळ भार पेलू शकतात. विख्यात शिष्याची आशा हा चौथा आधार समजू नये.

अभ्यासकांना येथे पुष्कळ काम आहे. उत्तर वसईतील क्रीडामंडळांच्या जागांची मालकी व मुदत, शाळांतील अंशकालिक निदेशकांना प्रत्यक्षात मिळणारे मानधन व त्यातील खंड, आणि शुल्कवाढीनंतर गळणाऱ्या मुलामुलींचे घरगुती उत्पन्न, या तीन बाबींची गाववार पाहणी झाल्यास वरील काल्पनिक आकड्यांच्या जागी खरे आकडे घालता येतील. पाहणीचा आरंभ पावसाळ्यात करावा. मैदाने रिकामी असतात तेव्हाच मार्गदर्शकाच्या घरची खरी परिस्थिती दिसते.